वाहतं पाणी ओलांडायचं नाही

आमच्या हिरामणमामांचा लसीवर राग होता, तो तिच्या नावामुळे. "लस म्हणजे काय गो?" हा प्रश्न त्यांनी मला पन्नास वेळा तरी विचारला असेल, आणि पन्नासही वेळा उत्तर स्वतःच दिलं. "जखम चिघळली की तिच्यातून पाणी गळतं, त्याला आपण काय बोलतो? लस. मग तीच घाण बाटलीत भरून आणणार नि तू माज्या अंगात घालणार? नावातच सांगितलंय त्यांनी. वाचणारा पायजे." एवढं बोलून ते ओट्यावर मागे रेलायचे. आता ह्यावर माणसाने काय बोलायचं? मी माझी वही उघडायचे आणि त्यांच्या घरापुढे पुन्हा एकदा 'नकार' लिहायचे.

मी सुरभी, गावची आशा वर्कर. गाव धरमतरच्या खाडीकाठी, पेण तालुक्यात. कुठल्या घरात कोण गरोदर, कुणाच्या बाळाचा डोस राहिला, कुणाला महिनाभर खोकला आहे, हे सगळं माझ्या वहीत असतं. हिरामणमामा नात्याने माझे चुलतसासरे. आशा म्हणून मी त्यांना चार गोष्टी सुनावू शकते, सून म्हणून एकही नाही. आणि ते मला आशा मानतच नव्हते, त्यामुळे प्रश्न मिटला होता.

मामा बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून मिठागरात. पस्तीस वर्षं त्यांनी मीठ ओढलं. चिमूटभर जिभेवर ठेवून ते मीठ कुठल्या कोंड्यातलं, म्हणजे मिठागराच्या कुठल्या वाफ्यातलं आहे हे सांगायचे, आणि ते खरं निघायचं. त्या बाबतीत मी त्यांच्यापुढे हात जोडते. पुढे आमच्याकडची मिठागरं एकेक करून बंद पडली. मुलगा निलेश डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला, आणि पहिल्या दिवाळीला त्याने बापाला मोबाइल आणून दिला. तो मोबाइल हातात आल्यापासून सहा महिन्यांत मामा डॉक्टर झाले.

त्यांनी एक ग्रुप काढला. नाव, 'आपलं आरोग्य आपल्या हाती'. माणसं एकशे ऐंशी. रोज पहाटे पाचला पहिला मेसेज पडायचा. ताप आला तर तळपायाला कांदा बांधा. साखरेला कारल्याचा रस. गुडघ्याला चुंबकाचं कडं. ते पेणच्या बाजारात मिळतं, पण उजव्या पायाचं डाव्या पायाला घालू नका. शिवाय त्यांचा स्वतःचा एक सिद्धान्त होता, जो मोबाइलमधून आलेला नव्हता: मिठागरात पाय घातलेल्या माणसाला रोग होत नाही. का? तर खारवलेला मासा कुजतो का? मी एकदा न राहवून म्हटलं, "पण मामा, खारवायच्या आधी तो मेलेला असतो." आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

कोरोनाच्या वेळी शाळेत लसीचा कॅम्प लागला तेव्हा मामा दोन दिवस गायब. कुठे गेले, तर घरच्यांना सांगून गेले होते, "मीठ बघायला." महिना श्रावण! श्रावणात मिठागरात मीठ नसतं, पाणी असतं आणि बेडूक असतात. मागे एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा मात्र हाच माणूस गुपचूप पेणच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन भूल घेऊन आला होता. मी पकडलं तेव्हा म्हणाले, "दात म्हंजे हाड. हाडाला डॉक्टर चालतो."

नुसती त्यांच्या अंगापुरती गोष्ट असती तर मीही हसून सोडून दिली असती. पण घरात निलेशची मुलगी होती, किमया. तिच्या आईने, म्हणजे पूजाने आणि मी मिळून त्या पोरीचे सगळे डोस चोरून दिले. पूजाचं माहेर पेणला. डोसाची तारीख आली की पूजाला माहेरची आठवण व्हायची. बाळाला रात्री ताप भरायचा, पूजा दुसऱ्या दिवशी घरी यायची, मामा म्हणायचे, "माहेरचं पाणी बाधलं." मग ते गुळवेलीचा काढा करायचे. लसीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतोच, तसा तो उतरायचा, आणि पहाटे पाचला ग्रुपवर पडायचं: 'माझ्या नातीचा ताप काढ्याने चोवीस तासांत उतरला.' खाली साठ-सत्तर जण हात जोडायचे. आम्ही दोघी चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसायचो. पोरीला लस मिळाली, म्हाताऱ्याला मान मिळाला, कुणाचं काय गेलं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

हात जोडणाऱ्यांत सगळ्यात पहिला नंबर पोपटचा असायचा. पोपट मामांच्या हाताखाली मिठागरात तयार झालेला, पन्नाशीचा, अजून जिथे मीठ पिकतं तिथे मजुरीला जाणारा. बायको बायजा, दोन मुली. मामा बोलतील ती पूर्व दिशा. मामांनी सांगितलं म्हणून त्याने एक अख्खा उन्हाळा चहा सोडला होता, आणि बायजेने त्या उन्हाळ्यात मामांना काय काय शिव्या दिल्या ते मी इथे लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी नऊच्या सुमाराला जेट्टीच्या रस्त्याने एक कुत्रं आलं, तोंडाला लाळ, चाल वाकडी. किमया तेव्हा सात वर्षांची. ती दुकानातून येत होती. कुत्र्याने तिची पोटरी धरली. पोपट समोरच होता, त्याने काठी घेऊन कुत्र्याला मारून सोडवलं, पोरीला उचलून घरी आणलं. त्याच्यामुळे पोरगी थोडक्यात सुटली, नाहीतर लचकाच तुटला असता. कुत्रं तसंच पुढे पळालं आणि दुसऱ्या दिवशी खाडीच्या चिखलात मेलेलं सापडलं.

मी त्या दिवशी पेणला मीटिंगला. निलेश कंपनीत शिफ्टला. पूजाने मला फोन केला तेव्हा ती नुसती रडत होती. तिच्या बोलण्यातून जे कळलं ते असं: मामांनी जखमेवर चुना आणि मिरचीपूड भरली, फडकं बांधलं, पोरीला इको गाडीत घातलं आणि रोह्याला घेऊन गेले. पूजा म्हणाली, मी येते. मामा म्हणाले, बाईमाणसाची सावली पडली तर औषध लागत नाही. पोरगीही बाईमाणूसच आहे, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

रोह्याला म्हणजे नदीच्या अलीकडे, अष्टमीला. तिथे मामांची मुलगी सरू दिलेली आहे आणि तिच्या घराच्या मागे विठूबुवा राहतो. विठूबुवा कुत्र्याचं औषध देतो. कसलंसं मूळ उगाळून गुळात घालून देतो आणि वर मुळाचा एक तुकडा काळ्या दोऱ्यात बांधतो. पैसे घेत नाही, नारळ घेतो. पैसे घेत नाही म्हणजे खरा असणार, असं आमच्याकडे लोक समजतात. सुतार पैसे घेतो म्हणून त्याचा दरवाजा खोटा असतो का, हे कुणी विचारत नाही.

मी मीटिंग सोडली. पूजा वडखळ नाक्यावर मला भेटली, तिथून नागोठण्यापर्यंत मिळेल त्या गाडीने, आणि नागोठण्याहून रोह्याची एसटी. वाटेत पूजाने मला एकच प्रश्न विचारला, "वयनी, मरंल का गो ती?" मी म्हटलं, "आज सुई पडली तर नाय मरणार." आणि नाही पडली तर काय, हे तिने विचारलं नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा चढला की त्याला औषध नाही, हे मला प्रशिक्षणात तीनदा सांगितलं होतं. तीनदाही मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

अष्टमीला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. सरूच्या घरात किमया खाटेवर बसलेली, पायात काळा दोरा, तोंडाभोवती गुळाचे डाग. मामा शेजारी, अंगठ्याने मोबाइलचे मेसेज वर सरकवत. आम्हाला बघून म्हणाले, "आलात? आता काय उपयोग? औषध झालं."

मी काही न बोलता पोरीला मोरीत नेलं, फडकं सोडलं आणि साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं पाय धुतला. मिरची भरलेली जखम धुताना पोरीने जो टाहो फोडला त्याने शेजारपाजारचे गोळा झाले. दातांच्या चार खुणा होत्या, दोन खोल. मग मी बाहेर येऊन म्हटलं, "मामा, सरकारी दवाखाना पुलापलीकडे आहे. रिक्षाने पाच मिनिटं. चला."

"नाय जमायचं," मामा म्हणाले. "पथ्य हाय."

पथ्य असं होतं: एकवीस दिवस मासे नाहीत, वांगं नाही, आणि सात दिवस वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की औषध उतरलं. दवाखाना रोह्यात, आम्ही अष्टमीत, मध्ये कुंडलिका.

"मग घरी कसे जाणार?" मी विचारलं. "नागोठण्याला अंबा नदी आहे."

मामांचा मोबाइलवरचा अंगठा थांबला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशात बघितलं तर रोहा ते आमचं गाव, मध्ये नद्या-ओढे मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतील. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सात दिवस हितंच ऱ्हाऊ." आतून सरूने एक भांडं आपटलं. दोन खोल्यांत तिची सासू, नवरा, तीन मुलं, आणि आता बाप, भाची, वर मासे नाहीत, वांगं नाही.

मी समजावलं, पूजाने पाय धरले, सरूने शिव्या घातल्या. मामा हलेनात. "मी सकाळीच ग्रुपवर टाकलंय," ते एकदा बोलून गेले, आणि मग मला कळलं. एकशे ऐंशी माणसांना त्यांनी सांगून टाकलं होतं की नातीला घेऊन विठूबुवाकडे चाललोय, बघा आता गुण कसा येतो. आता मागे फिरायचं म्हणजे एकशे ऐंशी माणसांसमोर फिरायचं. एका बाजूला पोरीचा जीव आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचं नाक, आणि तराजू म्हाताऱ्याच्या हातात! माझं डोकं फिरलं. पण डोकं फिरवून त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नव्हतं, हे मी बारा वर्षं बघत होते.

म्हणून मी खाली बसले आणि साध्या आवाजात विचारलं, "मामा, आज तिथ कंची?"

"पंचमी."

"मग भरती किती वाजता?"

ह्या प्रश्नाला आमच्याकडचा माणूस मेल्यावरसुद्धा उत्तर देईल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे खाडीकाठी पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. "पाचाची पाऊणपट. पावणेचार," मामा म्हणाले. "ती खाली तोंडाशी. हितं रोह्याला चढाया अजून तास लागंल. पावणेपाच धर. वर भिऱ्याच्या धरणाचं पाणी सोडलं नसंल तर."

"आणि भरती पुरी भरली की पाणी कुठं वाहतं?"

"कुठं नाय. उभं ऱ्हातं. धा-पंधरा मिनटं. मग उलटतं."

"मग विठूबुवा काय बोलला, पाणी ओलांडायचं नाय, की वाहतं पाणी ओलांडायचं नाय?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी आजवर त्यांना शेकडो कागद दाखवले, आकडे सांगितले, डॉक्टरांना घरी आणलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ कधी हलली नव्हती. पण पस्तीस वर्षं ज्या पाण्यावर पोट भरलं त्या पाण्याविषयी खोटं बोलणं त्यांना जमेना. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत सुटका दिसली. म्हातारा सकाळपासून घाबरलेला होता. दार कुणीतरी बाहेरून उघडावं म्हणून वाट बघत होता.

"वाहतं बोलला," ते हळूच म्हणाले.

साडेचारला आम्ही पुलावर. मी, पूजा, पूजाच्या कडेवर किमया, आणि कठड्यावरून वाकलेले हिरामणमामा. ते पेंढ्याची काडी पाण्यात टाकायचे, ती वरच्या अंगाला सरकायची, ते म्हणायचे, "अजून चढतंय." पुन्हा काडी. पुलावरून जाणारे लोक आधी आमच्याकडे बघायचे आणि मग खाली बघायचे. एका मोटरसायकलवाल्याने थांबून विचारलं, कोणी उडी मारली का? पावणेपाच झाले, पाच वाजायला आले. आठवी की नववी काडी पडली आणि जागेवर राहिली. मामांनी ती चांगली मिनिटभर बघितली.

"उभं हाय," ते ओरडले. "पळा!"

आणि आम्ही पळालो. सून, नात, आशा वर्कर आणि मागून धोतर सावरत बासष्ट वर्षांचा माणूस, कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने जखम बघितली, किती वाजता चावला विचारलं, आणि मामांकडे असं बघितलं की मीच खाली मान घातली. तिने जखमेभोवती सुया दिल्या, दोन्ही दंडांत दिल्या, आणि कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या: तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. मामांचा समज होता की बेंबीभोवती चौदा देतात. ते भिंतीकडे तोंड करून मोजत होते, आणि सुया संपल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "बस? येवढंच?" जसं काही दुकानदाराने मापात मारलं.

घरी परत जाताना अंबा नदीवर उभ्या पाण्याची सोय नव्हती. पण एव्हाना मामांची बुद्धी मोकळी झाली होती. झोपलेल्या माणसाला नदी ओलांडल्याचं लागत नाही, असा त्यांनी निर्णय दिला, आणि एसटीत किमयाला मांडीवर थोपटून झोपवलं. नागोठण्याचा पूल आला तेव्हा त्यांनी स्वतःचेही डोळे मिटून घेतले.

पूल गेल्यावर डोळे न उघडताच ते म्हणाले, "सुरभी, गावात बोलू नको गो. लोक हसतील. माजी राख व्हईल."

मला हेच पाहिजे होतं. मी म्हटलं, "बोलणार नाय. पण तीन तारखा आहेत. एक चुकली तर दवंडी पिटेन."

"चुकणार नाय."

सौदा झाला. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की मामांनी येताना एक मूळ पोपटसाठीही आणलं होतं. मी तशीच त्याच्या घरी गेले. पोपट जाळं विणत बसला होता. उजव्या मनगटाशी दोन ओरखडे, त्यावर काळा दोरा. मी म्हटलं, "दात लागला का?"

"नख लागलंय गो. त्याला काय व्हतंय?"

"नखानेसुद्धा होतं. माझ्याबरोबर पेणला चल. आत्ता."

पोपट हसला. "मामांच्या नातीला तर चार दात रुतले. तिला दिली का सुई? मूळच दिलं ना? मामा सोताच्या नातीचं वाईट करतील? मग मी काय तिच्याहून नाजूक हाय?"

ह्याला उत्तर होतं. एका वाक्याचं. किमयाला काल रोह्यात सुया दिल्या, मी नेलं होतं. ते वाक्य ऐकलं असतं तर पोपट जाळं खाली टाकून माझ्या मागून चालत आला असता, कारण तो डॉक्टरचं ऐकत नव्हता, माझं ऐकत नव्हता, पण मामा जे करतात ते डोळे मिटून करत होता. मी ते वाक्य बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तीन तारखा होत्या. मी बाकीचं सगळं बोलले, रोग कसा वाईट, लस कशी फुकट, चार फेऱ्यांत काम. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच बोलले. मग वहीत त्याच्या नावापुढे 'नकार' लिहिलं. त्या शब्दाची माझ्या हाताला सवय झाली होती.

किमयाच्या दोन तारखा माहेरच्या बहाण्याने पार पडल्या. एकविसाव्या दिवशी पथ्य सुटलं, मामांनी घरी पापलेट आणलं आणि पहाटे पाचला ग्रुपवर मेसेज टाकला: 'पिसाळलेल्या कुत्र्याने चार दात रुतवले. एकही इंजेक्शन नाही. रोह्याचं मूळ आणि पथ्य. आज एकवीस दिवस, नात ठणठणीत.' खाली किमयाचा फोटो, पापलेट खाताना. पडलं तरी नाक वर, दुसरं काय! पूजाने मला फोन करून ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. हसलो, हे मी लपवत नाही. पोपटने तीनदा हात जोडले होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई झाली. सौदा तिथे संपला. त्यानंतर मला कुणी अडवलं नव्हतं. मी पोपटकडे जाऊन सांगू शकले असते, अजून वेळ होती. पण कशाला उगाच? पोपट ठीक दिसत होता, कामाला जात होता. मामा चुलतसासरे, घरात कटकट झाली असती. शिवाय पुलावरची गंमत मी माहेरी जाऊन सगळ्यांना काड्यांसकट करून दाखवली होती, आणि सगळे पोट धरून हसले होते. मला त्यात समाधान होतं.

माघात एका दुपारी बायजा माझ्या दारात आली. चप्पल नव्हती पायात. "सुरभी, जरा चल. ह्यांला काय झालंय बघ. दोन दिस हात झिणझिण्या मारतोय बोलत व्हते. आज तांब्या पुढं केला तर वरडून भिंतीला जाऊन चिकटले. पाण्याला भितात गो. पाण्याला!"

मी उठले नाही लगेच. आधी वही उघडून पोपटचं नाव काढलं.

पोपटला पेणला नेलं, तिथून मुंबईला. चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स परत आली. जन्मभर गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूस शेवटी ओल्या फडक्यालाही घाबरत होता, असं बरोबर गेलेल्यांनी सांगितलं. मामांनी ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकला. ग्रुप तसाच राहिला, फक्त पहाटे पाचला त्यावर काही पडेनासं झालं.

बाराव्याला आम्ही सगळे गेलो. अंगणात पुरुष, ओट्यावर बायका. मामा खांबाला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. जेवणं उरकल्यावर बायजा आतून आली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मामा, किमयाला नि ह्यांला मूळ येकच दिलं ना? की ह्यांच्यात काय फरक व्हता?"

मामांचे ओठ हलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पूजाकडे बघितलं.

"येकच व्हतं," ते म्हणाले. "पथ्य मोडलं आसंल. पोपटला बोललो व्हतो, पाणी ओलांडू नको."

मेलेल्या माणसावर खापर! मी ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यासमोर पदर न घेता बोलले. "मूळ एकच होतं, बायजा. पण किमयाला त्याच दिवशी रोह्याच्या दवाखान्यात सुया दिल्या. पुढे तीन तारखाही झाल्या. मी नेलं होतं. मामा बरोबर होते. गावात सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

मला वाटलं होतं, आता ती मामांच्या अंगावर धावून जाईल. सगळ्यांना तेच वाटलं असावं, कारण दोघे-तिघे पुरुष उठून उभे राहिले. मामांनी मान गुडघ्यांत घातली होती. पण बायजेने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती वळली आणि माझ्यासमोर आली.

"त्यांला काय कळतंय?" ती म्हणाली. "ते काल पण तसेच व्हते. तुला म्हाईत व्हतं ना गो? तू दोनदा घरी आलीस माज्या. मी तुला चहा दिला."